साथीत आधी कोणता खेळ? मैदान पुन्हा उघडताना

साथीमुळे बंद पडलेलं मैदान उघडायची चर्चा सुरू झाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठला खेळ चालेल? विचारणाऱ्याला खेळांची यादी हवी असते. ती खाली दिली आहे, पण तिच्यावर डोळे मिटून विसंबलात तर फसाल. दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवून दोघांनी खेळलेलं बॅडमिंटन घ्या आणि बंद हॉलमध्ये सोळा जणांनी पाळीपाळीने खेळलेलं बॅडमिंटन घ्या. नियम तेच, रॅकेट तीच, पण साथीच्या लेखी हे दोन निराळे खेळ.

कोविडच्या साथीतली, 2020 सालातली दोन उदाहरणं सांगतो. टेनिस हा तेव्हा सगळ्यांच्या मते सर्वांत निर्धोक खेळांपैकी एक होता: उघडं कोर्ट, मध्ये जाळी, दोन खेळाडूंमध्ये भरपूर अंतर. तरी जून महिन्यात बेलग्रेड आणि झादरमध्ये झालेल्या आद्रिया टूर या प्रदर्शनी स्पर्धेनंतर नोवाक जोकोविच, ग्रिगोर दिमित्रोव्ह, बोर्ना चोरिच आणि व्हिक्टर त्रोइत्स्की हे चौघेही बाधित निघाले. तिथे प्रेक्षक खचाखच होते, खेळाडू गळाभेटी घेत होते, बास्केटबॉलचा सामना रंगला होता आणि रात्री पार्टीही झाली होती. त्याच वर्षी इंग्लंडच्या रग्बी लीगमध्ये 4 सामन्यांत मिळून 8 खेळाडू अंगात संसर्ग असताना खेळून गेले. रग्बी म्हणजे अंगाला अंग भिडवण्याचा खेळ. संशोधकांनी चित्रफिती तपासून त्या आठ जणांशी जवळून झटापट झालेले 28 खेळाडू हुडकले. पुढच्या 14 दिवसांत त्यातल्या एकालाच लागण झालेली आढळली. त्या संघांमध्ये नंतर निघालेल्या लागणींचा माग बहुतेक वेळा मैदानाबाहेरच्या वावराकडेच गेला.

म्हणून रग्बी बिनधास्त खेळा असं मी म्हणत नाही. खेळाच्या नावावरून धोका ठरवता येत नाही, एवढंच. क्लबचं, शाळेच्या संघाचं किंवा मित्रमंडळींच्या गटाचं काम पहिल्यांदाच अंगावर आलं असेल, तर पुढच्या पायऱ्या क्रमाने घ्या. हे सगळं कोविड-19 किंवा फ्लूसारख्या, श्वासातून पसरणाऱ्या साथीला धरून आहे. आजार दूषित पाण्यातून पसरणारा असेल तर हिशेब पार बदलतो.

पायरी 1: गावात साथ किती आहे ते आधी बघा

सरकारी आदेश काय म्हणतो ते सगळ्यांत आधी. परवानगी नसेल तर पुढचं वाचायचं कारणच नाही. परवानगी असली तरी आपला एक साधा हिशेब करून ठेवावा. समजा, आसपास शंभरातला एक माणूस संसर्ग घेऊन वावरतो आहे. मग तुमच्या 22 जणांच्या सामन्यात निदान एक तरी बाधित असण्याची शक्यता सुमारे 20 टक्के. चौघांच्या गटात ती 4 टक्क्यांच्या आसपास, आणि दोघांत 2. साथ ओसरून हजारातला एक बाधित असेल, तर 22 जणांतही ती शक्यता 2 टक्क्यांवर येते. म्हणजे साथीच्या ऐन भरात दोघांनी खेळणं आणि ती ओसरल्यावर बावीस जणांनी खेळणं, या बाबतीत तरी जवळपास सारखंच. दोघांचे खेळ आधी आणि संघाचे नंतर, या क्रमामागचं निम्मं गणित इथेच आहे.

पायरी 2: खेळाला पाच प्रश्न विचारा

पहिला प्रश्न हवेचा, आणि बाकी चारही प्रश्नांपेक्षा तो मोठा आहे. खेळ उघड्यावर आहे की छताखाली? छताखाली असेल तर हवा खेळती आहे का? बाधित माणसाच्या श्वासातून निघालेले बारीक कण उघड्यावर काही क्षणांत विरून जातात. बंद खोलीत ते तरंगत राहतात आणि साठत जातात.

किती साठतात ते एका सामन्यावरून कळेल. 16 जून 2020 रोजी फ्लोरिडातल्या टँपा बे भागात हौशी खेळाडूंचा आइस हॉकीचा सामना झाला. दोन संघ, प्रत्येकी 11 जण, मास्क कुणालाच नाही. पुढच्या 5 दिवसांत 22 पैकी 14 खेळाडूंना आणि रिंकवरच्या एका कर्मचाऱ्याला लक्षणं दिसली. बर्फाच्या मैदानावर हवा थंड असते, ती खालीच बसून राहते, आणि भोवतीच्या उंच पारदर्शक भिंती तिला हलू देत नाहीत. रग्बीतल्या आकड्याशेजारी हा आकडा ठेवून पाहा. धक्काबुक्की दोन्हीकडे होती, पण एकीकडे डोक्यावर आभाळ होतं आणि दुसरीकडे छत.

याहून विचारात पाडणारी गोष्ट स्लोव्हेनियातल्या मारिबोर शहरातली. मार्च 2020 मध्ये एका स्क्वॉशपटूला (स्क्वॉश म्हणजे बंद खोलीत भिंतीवर चेंडू मारून खेळायचा रॅकेटचा खेळ) संसर्ग होता. त्याच्यानंतर त्याच दिवशी त्याच कोर्टवर खेळून गेलेल्या इतरांनाही लागण झाली. चार भिंतींच्या त्या खोलीतून तो बाहेर पडला, त्याचा श्वास मात्र बहुधा मागेच राहिला. दोन खेळाडू, अंतर ठेवलेलं, तरी हे घडलं. म्हणून 'दोघांचाच तर खेळ आहे' हे उत्तर छताखाली पुरत नाही.

दुसरा प्रश्न अंतराचा. इथे मोजायचं ते 'किती वेळा आणि किती वेळ'. फुटबॉलमध्ये दोन खेळाडू एकमेकांच्या अंगावर येतात, पण ते क्षणभर. कुस्तीत मिनिटंच्या मिनिटं नाकाला नाक लागलेलं असतं.

तिसरा प्रश्न श्वासाचा आणि आवाजाचा. बसलेला माणूस मिनिटाला साधारण 6 ते 8 लिटर हवा आत-बाहेर करतो, जिवाच्या आकांताने धावणारा तयारीचा खेळाडू 100 लिटरच्या पुढे जातो. जर्मनीत म्युनिकमधल्या संशोधकांनी श्वासातले कण मोजले, तेव्हा विश्रांतीच्या तुलनेत कमाल दमछाकीला मिनिटाला बाहेर पडणारे कण सरासरी 132 पट भरले. त्यात ओरडण्याची भर घाला.

या प्रश्नावर कबड्डी सगळ्यांत वाईट अडकते, आणि मला त्याचं खरोखर वाईट वाटतं. 13 बाय 10 मीटरचं क्रीडांगण. चढाई करणारा दम घेऊन, मोठ्याने, न थांबता एकच शब्द घोकत समोरच्या फळीच्या तोंडाशी जातो. पकड झाली की चार-पाच जण त्याच्यावर, सगळ्यांची तोंडं वीतभर अंतरात. श्वासातले कण पसरवण्यासाठी मुद्दाम खेळ रचायचा म्हटलं, तरी यापेक्षा वेगळा सुचला नसता. तीच कबड्डी सराव म्हणून कशी वाचवता येते ते चौथ्या पायरीत येईल.

चौथा प्रश्न वेळेचा, पाचवा माणसांचा. वीस मिनिटं आणि दोन तास यांत फरक आहे. तेच चार जण आठवडाभर एकमेकांशीच खेळत असतील, तर ते रोज बदलणाऱ्या चौघांपेक्षा बरे. ओळखीच्या माणसापासून संसर्ग होत नाही असं नाही, पण झाला तर तो त्या चौघांतच थांबतो.

पायरी 3: क्रम लावा

आता यादी. सगळ्यांत आधी सुरू करण्यासारखे: एकट्याने धावणं, सायकलिंग, उघड्यावरची तिरंदाजी, गोल्फ, एकट्याने वल्हवायची नाव, मैदानी खेळांतल्या फेकी आणि उड्या. टेनिस एकेरी याच रांगेत. गोल्फमध्ये 2020 साली झेंड्याची काठी भोकातच राहू द्यायची आणि वाळूतले दाताळे काढून टाकायचे, असे छोटे बदल करून खेळ सुरू झाला होता.

त्यानंतर टेनिस दुहेरी, क्रिकेट, उघड्यावरचं व्हॉलीबॉल, खो-खो. क्रिकेटबद्दल थोडं सांगायला हवं, कारण मोकळं मैदान पाहून सगळे त्याला 'सुरक्षित' म्हणून मोकळे होतात. फलंदाज आणि कव्हरचा क्षेत्ररक्षक यांच्यात अंतर आहे हे खरं. पण यष्टिरक्षक आणि स्लिपमधले तिघे तासन्‌तास शेजारी उभे असतात, बळी पडला की अख्खा संघ एकमेकांच्या गळ्यात पडतो, आणि फलंदाजी करणाऱ्या संघातले नऊ जण एका खोलीत बसलेले असतात. चेंडूला थुंकी लावायला आयसीसीने जून 2020 मध्ये मनाई केली आणि 2022 मध्ये ती कायम केली. ते ठीकच, पण माझ्या मते थुंकीपेक्षा ती नऊ जणांची खोली जास्त धोक्याची.

खो-खोत स्पर्श पाठीवरच्या थापेपुरता आणि डाव उघड्यावर. फक्त 'खो' देताना तोंड पुढच्याच्या कानाशी जातं, तेवढं जपायचं.

पोहणं नवख्यांना हमखास गोंधळात टाकतं. पाण्याची भीती नको. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांना 2021 मध्ये असं दिसलं, की 1.5 पीपीएम (दहा लाख भागांत दीड भाग) मोकळं क्लोरीन आणि 7 ते 7.2 पीएच असलेल्या पाण्यात कोविडचा विषाणू 30 सेकंदांत निकामी होतो. जपायचं ते पाण्याच्या वरच्या हवेला. झाकलेला तलाव, लेनच्या टोकाला धापा टाकत थांबलेले पाच जण आणि कोंदट कपडे बदलायची खोली. उघडा तलाव असेल तर वरच्या गटात टाका, झाकलेला असेल तर थांबा.

उघड्यावरचा फुटबॉल आणि हॉकी मधल्या गटाच्या खालच्या टोकाला. बॅडमिंटन, टेबल टेनिस, बास्केटबॉल, स्क्वॉश आणि जिम यांचा निकाल हवेवर अवलंबून. कुस्ती, ज्युदो, कबड्डी, आइस हॉकी सगळ्यांत शेवटी.

बुद्धिबळात कुणी धापा टाकत नाही, पण दोन माणसं एका टेबलावर समोरासमोर चार-पाच तास बसतात. रशियात येकातेरिनबर्गमधली, जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणारी कँडिडेट्स स्पर्धा मार्च 2020 मध्ये निम्म्यावर थांबली आणि उरलेली थेट एप्रिल 2021 मध्ये पूर्ण झाली. हा खेळ पडद्यावरून खेळता येतो, ही त्याची मोठी सोय.

पायरी 4: सामना नको, आधी सराव

कुठलाही खेळ एका झटक्यात सुरू करू नका. त्याचे तुकडे करा आणि निर्धोक तुकड्यापासून सुरुवात करा. फुटबॉलमध्ये पहिले दोन आठवडे चेंडू खेळवत नेणं, खांब्यांमधून वळवणं, ठरावीक अंतरावरून पास. मग तीन-तीन जणांचे छोटे डाव. पूर्ण सामना त्यानंतर. कबड्डीत पायांची हालचाल, बोनस रेषेला पाय लावून परत येणं, चपळाईचे व्यायाम, हे सगळं मोकळ्या मैदानावर एकेकट्याने आणि 'कबड्डी कबड्डी' न म्हणता करता येतं. पकडीचा सराव शेवटी, तोही ठरलेल्या जोडीतच.

यात दुसरा फायदाही आहे. कित्येक महिने घरात बसलेलं शरीर पहिल्याच रविवारी पूर्ण ताकदीने पळवलं की मांडीचा मागचा स्नायू दगा देतो. पहिल्या आठवड्यात नेहमीच्या निम्माच सराव, दुसऱ्या आठवड्यात 70 टक्क्यांपर्यंत, मग हळूहळू पुढे.

पायरी 5: छताखालचा खेळ असेल तर हवा मोजा

दक्षिण कोरियात चेओनान इथल्या फिटनेस-नृत्याच्या वर्गांमधून फेब्रुवारी-मार्च 2020 मध्ये 112 जणांपर्यंत संसर्ग पोहोचला. एकूण 12 ठिकाणांचा त्यात समावेश होता. सुमारे 60 चौरस मीटरची खोली, 5 ते 22 जण, 50 मिनिटं जोरदार नाच. त्याच काळात एका बाधित प्रशिक्षिकेने पिलाटेस (एक संथ व्यायामप्रकार) आणि योगाचे वर्ग घेतले होते. तिथे 7-8 जणच असायचे आणि श्वास संथ. त्या वर्गांतल्या कुणालाही लागण झाली नाही. शिक्षिका इथेही बाधितच, फरक माणसांचा आणि धापेचा.

शिकागोतल्या एका जिमने तर 2020 च्या ऑगस्टमध्ये दारात ताप मोजला, प्रत्येकाला आपापली चटई आणायला लावली, सहा फुटांचं अंतर राखलं. व्यायाम करताना मास्क काढायची मुभा मात्र होती. वर्गांना आलेल्या 81 पैकी 55 जण बाधित झाले. अंतराच्या खुणा जमिनीवर रंगवून बंद खोलीची हवा शुद्ध होत नाही.

म्हणून कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र मिळालं तर आणा. बाहेरच्या हवेत आकडा 420 पीपीएमच्या आसपास असतो. हॉलमध्ये खेळ चालू असताना तो 800 च्या खाली राहिला तर हवा बरी खेळते आहे असं समजा. चढत गेला तर माणसं कमी करा किंवा खेळ थांबवून दारं उघडा. समोरासमोरची दोन दारं उघडी हवीत. एकच उघडलं तर वारा आत येऊन तिथेच घुटमळतो. छताचा पंखा आतलीच हवा फिरवतो, तो लावून 'हवा चालू आहे' अशी समजूत करून घेऊ नका.

पायरी 6: मैदानाच्या कडेचं बघा

खेळ सुरक्षित आणि खेळाची कड धोक्याची, हे पुन्हा पुन्हा घडतं. बाकडं, कपडे बदलायची खोली, एका गाडीत कोंबून बसलेले पाच जण, सामन्यानंतरच्या गप्पा. 19 फेब्रुवारी 2020 रोजी मिलानच्या सान सिरो मैदानावर बर्गामोचा अटलांटा संघ विरुद्ध स्पेनचा व्हॅलेन्सिया असा फुटबॉल सामना झाला तेव्हा बर्गामो शहरातून सुमारे 40 हजार लोक तिथे गेले होते. त्या गर्दीने, प्रवासाने आणि जल्लोषाने बर्गामोतल्या साथीला वेग दिला असावा, असं नंतर अनेक तज्ज्ञांना वाटलं. मे महिन्यात जर्मनीतली बुंडेसलिगा ही फुटबॉल स्पर्धा पुन्हा सुरू झाली ती रिकाम्या स्टेडियममध्ये.

आमच्या गटाने पहिल्या दिवशी सगळं नीट योजलं होतं. कोर्टवर चौघंच, बाकीचे बाहेर, प्रत्येकाची पाण्याची बाटली वेगळी. आणि मग हजेरीची वही निघाली. टेबलावर एक वही, तिला दोऱ्याने बांधलेलं एक पेन, आणि बारा माणसं त्या वहीवर वाकून आपापलं नाव शोधताहेत! दुसऱ्या दिवसापासून नावं मोबाइलवर आदल्या रात्रीच गोळा व्हायला लागली. आठवड्याने पाऊस आला आणि उघड्यावर पांगलेले सगळे एका टीचभर शेडखाली येऊन उभे राहिले. तेव्हापासून नियम झाला: पाऊस आला की खेळ संपला, थेट घरी.

तेव्हा असं करा. कपडे घरूनच घालून यायचं, आंघोळ घरी. वेळेच्या पाच मिनिटं आधी, त्यापूर्वी नाही. दोन गटांमध्ये पंधरा मिनिटं मोकळी सोडा, म्हणजे जाणारे आणि येणारे फाटकात भेटत नाहीत, आणि हॉल असेल तर तेवढ्यात हवाही बदलते. बाकड्यावर मास्क हवा. जोराचा व्यायाम चालू असताना तो घालू नये असा जागतिक आरोग्य संघटनेचा 2020 मधला सल्ला होता. प्रशिक्षक पळत नसतो, त्यामुळे त्याने मात्र तो काढू नये आणि ओरडणं आणि शिट्टी सोडून टाळीने आणि हाताच्या खुणांनी काम चालवावं. प्रेक्षक नकोत. लहान मुलांना सोडायला आलेल्या पालकांनीही फाटकातूनच परतावं.

चेंडू, शटल, रॅकेट पुसण्यात मात्र अर्धा तास घालवू नका. सुरुवातीला सगळेच त्यामागे लागले होते. पुढे एप्रिल 2021 मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने सांगितलं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे दहा हजारात एकाहून कमी आहे. खेळाआधी आणि नंतर हात धुवा, तोंडाला हात लावू नका, बाटली-टॉवेल कुणाला देऊ नका. पुरे.

व्यावसायिक संघांची नक्कलही करू नका. अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगने 2020 मध्ये 22 संघ ऑरलँडोजवळ एका परिसरात बंदिस्त ठेवले, रोज चाचण्या केल्या, आणि हंगाम पार पाडला. ती सोय तुमच्याकडे नाही. तुमच्याकडे उघडं मैदान आहे.

पायरी 7: आजारी माणूस आणि त्याचं परतणं

शिकागोच्या त्या 55 जणांपैकी 22 जण लक्षणं सुरू झाल्याच्या दिवशी किंवा त्यानंतरही वर्गाला आले होते. घसा जरा खवखवतो आहे, पण माझ्यामुळे चौथा गडी कमी पडेल, या भिडेनेच माणूस येतो. ती भीड काढायचा उपाय म्हणजे प्रत्येक गटाला एक राखीव गडी, आणि न येणाऱ्याला कुणी काही विचारायचं नाही. फी भरलेली असेल तर ती पुढच्या महिन्यात वळती करा. वाया जाणारे पैसे ताप लपवायला लावतात.

आजारातून उठलेल्याला लगेच मैदानावर घेऊ नका. विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असू शकते आणि तशात जोराचा व्यायाम जिवावर बेतू शकतो. कोविडच्या वेळी खेळाडूंसाठी सांगितलेली पद्धत सोपी होती: लक्षणं दिसल्यापासून किमान 10 दिवस विश्रांती, आणि सुरुवात करण्याआधी सलग 7 दिवस कुठलंही लक्षण नको. मग 15 मिनिटं चालणं किंवा हलकी सायकल, नाडी कमाल वेगाच्या 70 टक्क्यांच्या आत, असे निदान दोन दिवस. त्यानंतर एकेक पायरी चढत पूर्ण सरावापर्यंत आणखी आठवडाभर. मध्येच छातीत दुखलं, धडधडलं, चक्कर आली किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, तर तिथेच थांबून डॉक्टरांकडे. आजार जोराचा झाला असेल, तर पहिल्या पायरीआधीच डॉक्टरांना विचारा.

आणि मैदान उघडण्याच्या दिवशीच, ते पुन्हा कधी बंद करायचं हे लिहून ठेवा: गटात दोन रुग्ण निघाले तर किती दिवस, गावातली साथ वाढली तर कुठल्या पायरीवर मागे जायचं, आणि हे सांगणारा फोन कोण करणार. लिहिलेला कागद मोबाइलवरच्या गटात आधीच टाका. स्पर्धेच्या तोंडावर हा निर्णय घ्यायला बसलात तर तो कधीच होत नाही.